सड्यावरचा मध

मशीन बिघडलंय, असंच मला आधी वाटलं. नवरा बिघडला असेल, हे दुपारनंतर सुचलं. मी रसायनशास्त्र शिकलेली बाई आहे, शंका क्रमाने घेते.

हंगामाची सुरुवात होती. मेढ्याच्या आमच्या मधपरीक्षण केंद्रात दर एप्रिलला मागकाढ्याला, म्हणजे मधाचं गाव शोधून देणाऱ्या मशीनला, आधी एक खात्रीचा नमुना द्यावा लागतो. खात्रीचा म्हणजे ज्याचं गाव पक्कं ठाऊक आहे असा मध. मशीनचं उत्तर त्या गावाशी जुळलं, तरच पुढचं काम सुरू करायचं. हा नमुना पुण्याहून ड्रोनने येतो, आणि त्या आठवड्यात घाटातल्या वाऱ्यामुळे ड्रोन बंद होते. बाहेर मधपाळांच्या बाटल्यांची रांग वाढत चालली होती. शेवटी मी घरी गेले आणि फडताळातली आमची स्वतःची बाटली घेऊन आले. कारण जगात एकाच मधाचं गाव मला डोळे मिटून ठाऊक होतं. तो मध हृषीने आणलेला होता.

हृषी म्हणजे हृषीकेश सपकाळ, माझा नवरा आणि आमच्या केंद्राचा मुख्य चाखणारा. नव्या कायद्याने मधाच्या प्रत्येक बाटलीवर दोन गोष्टी लागतात: गाव सांगणारा मशीनचा शिक्का आणि प्रत सांगणारी माणसाची सही. गाव मी सांगते, प्रत तो. जावळीतल्या झाडून सगळ्या मधपाळांचा भाव त्याच्या जिभेवर ठरतो, आणि 'सपकाळ साहेब बोलले' म्हटलं की पुढे कुणी वाद घालत नाही.

वाघदऱ्याच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या त्या कातळी पठारावर, त्याच्या वडिलांच्या वेळच्या मधपेट्या आहेत. मी विद्यार्थिनी असताना मातीचे नमुने गोळा करायला तिथे गेले होते. त्याने पेटी उघडली, पोळ्याचा कोपरा दाबला आणि माझ्या तळहातावर मधाचा थेंब ठेवला. "डोळे मिटून चाखा," म्हणाला. मी डोळे मिटले आणि पुढच्या वर्षी आमचं लग्न झालं. तेव्हापासून दर हंगामात सड्यावरची पहिली बाटली तो माझ्या हातात देतो. पाडव्याला साडी नाही मिळाली तरी चालते मला, पण ही बाटली मिळालीच पाहिजे.

त्याच बाटलीचा थेंब मी मशीनमध्ये घातला आणि नकाशावरचा ठिपका सड्यावर पडलाच नाही. तो घाट उतरून, डोंगराच्या पलीकडे कोकणच्या अंगाला देवळीकोंडावर जाऊन बसला.

मागकाढ्याचं काम समजायला अवघड नाही. समुद्राकडून ढग येतात आणि घाट चढू लागतात. पाण्याचे काही रेणू जरा जड असतात, ते आधी, पायथ्याशीच पडून जातात. माथ्यावर पोचेपर्यंत ढगात हलकं पाणी जास्त उरतं. झाड ते पाणी पितं, त्याचाच फुलात रस होतो आणि त्यातला हायड्रोजन मधातल्या साखरेत अडकून बसतो. त्यामुळे फूल किती उंचीवर उमललं, ते मध सांगतो. दुसरी खूण दगडाची. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर चढून झालेला आहे. त्या दगडात स्ट्रॉन्शियम नावाचा धातू असतो, आणि त्याच्या दोन जातींचं एकमेकांशी प्रमाण थराथराला किंचित वेगळं असतं. दगडाची माती होते, मातीतून ते मुळात जातं, तिथून फुलात आणि माशीबरोबर पोळ्यात, पण वाटेत कुठेही बदलत नाही. पाण्याची खूण आणि दगडाची खूण जिथे जुळते तिथे मशीन ठिपका ठेवतं. आमची सातेरी माशी पेटी सोडून फार लांब भटकत नाही, म्हणून ठिपका थेट वाडीवर पडतो.

हे मशीन आणलं होतं साखरेचा पाक विकणाऱ्यांना धरायला. ते दोन-तीन हंगामांत संपले. मग मशीन नातेवाईकांना धरू लागलं. लोक घरातल्या बाटल्या घेऊन येऊ लागले. एका सासऱ्याने जावयाचा 'हिमालयातला' मध आणला, तो सोलापूर रस्त्यावरच्या सूर्यफुलाच्या शेतातला निघाला. एका सुनेने सासूच्या माहेरचा मध आणला, तो तिच्या स्वतःच्याच माहेरचा निघाला. सासूबाई तिच्याच आईकडून आलेली बाटली तिला परत देत होत्या. चहाच्या वेळी आम्ही पोट धरून हसायचो. दुसऱ्याच्या घरावर पडलेला ठिपका फार करमणूक करतो.

माझ्या बाटलीचा थेंब मी पुन्हा घातला. मग नळ्या धुवून पुन्हा. दुपारी वारा पडला, पुण्याचा नमुना आला, तोही घालून पाहिला. तो बिनचूक आपल्या गावावर बसला. मशीन ठणठणीत होतं.

आणि देवळीकोंडात स्वप्नाली उतेकर राहते.

स्वप्नालीला मी आयुष्यात दोन-चारदाच पाहिलं आहे, पण ती मला पाठ आहे. मधपाळांच्या प्रशिक्षणात ती आणि हृषी एकाच तुकडीत होते. दोन्ही घरची बोलणीही झाली होती. तिच्या वडिलांना मुंबईचा जावई हवा होता, म्हणून फिसकटलं. मुंबईचा जावई तिला मानवला नाही. ती घटस्फोट घेऊन परत आली आणि देवळीकोंडात पेट्या ठेवून बसली. आमच्या लग्नात ती मोरपिशी साडी नेसून आली होती. मला हळदकुंकू लावताना हसून म्हणाली, "वैनी, सांभाळा हं याला. याची जीभ लई लाडावलेली हाये." कुणी लाडावली ते तिने सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी माझं लक्ष नव्हतं, आमटी करपली. पूर्वीचा हृषी अंगणातूनच ओरडला असता, "वैजू, लागलं गं खाली!" आता तो शांतपणे पानावर बसला आणि मुकाट्याने भात कालवून जेवू लागला.

"यंदाचा सड्याचा मध कसा निघाला रे?" मी विचारलं.

"नेहमीसारखा."

"माश्या बऱ्या आहेत?"

"मजेत."

एका थेंबावर अर्धा तास बोलणारा माणूस एकेका शब्दात आटपत होता, तेही पानाकडे बघत. करपलेली आमटी त्याने वाटी पुसून संपवली. मनात काही असल्याशिवाय नवरा अशी आमटी खात नाही, असा निष्कर्ष मी काढला. निष्कर्ष बरोबर होता, फक्त मनातलं काय ते मला कळलं नव्हतं.

मग मी जे केलं ते कुठल्याही बाईने केलं असतं, तिच्या हाताशी तसलं मशीन असतं तर. केस महिन्याला बोटाच्या पेराच्या निम्म्याएवढा वाढतो, आणि माणूस जिथलं पाणी पितो त्या पाण्याची खूण त्यात उतरते. मी हृषीच्या कंगव्यातले केस काढले, पाकिटात घातले आणि 'नमुना, इतर' असं लिहून मशीनला दिले. उत्तर आलं मेढा. मुळापासून टोकापर्यंत मेढ्याचंच पाणी. मला बरं वाटायला हवं होतं. पण आठवड्यातून एक दिवस कुणाकडे चहा पिऊन येणाऱ्याच्या केसात तो चहा उतरत नाही, हेही मला ठाऊक होतं. जळणाऱ्या माणसाला पुरावा मिळाला तर चटका बसतो, नाही मिळाला तर जास्त बसतो. केसांच्या निकालाचा कागद मी पर्समध्ये ठेवून दिला.

दर गुरुवारी हृषी वाघदऱ्याच्या फेरीवर जातो. त्या गुरुवारी तो गेल्यावर मी केंद्राची गाडी काढली. वाघदऱ्याकडे न वळता घाट उतरले. सगळ्या वळणांवर मी भांडणाची तयारी केली. काय बोलायचं, कुठे थांबायचं, बांगडीभरला हात कसा हलवायचा, सगळं ठरलं होतं. डोळ्यांसमोर मोरपिशी साडी होती.

देवळीकोंडात तिचं घर विचारावं लागलं नाही. हृषीची मोटरसायकल फणसाखाली लावलेली होती.

पडवीत दोघं समोरासमोर बसले होते. मध्ये पाटावर वाट्या मांडल्या होत्या, प्रत्येकीत थोडा थोडा मध. स्वप्नालीने साधा गाऊन घातला होता, वर ओढणी, केसांना पेन्सिल खोचलेली. माझी अर्धी भाषणं तिथेच वाया गेली. मी खांबाआड थांबले.

हृषीने एका वाटीतला चमचा तोंडात घेतला, बराच वेळ घोळवला. "जांभूळ?" त्याने विचारलं.

"हिरडा," स्वप्नाली म्हणाली. "नीट बघ. धार कशी पडतीया? जांभळाची धार जाड असती, मधी तुटत न्हाई. आन् रंग बघ. घशाला खवखवतं का?"

"थोडं."

"मंग? वास येत न्हाई तर डोळ्यानं वळख, घशानं वळख. म्होरल्या महिन्यात तुझी फेरपरीक्षा हाये."

"मला नुसतं गोड लागतं गं," हृषी म्हणाला. "सगळं एकसारखं गोड."

त्याचा आवाज मी इतक्या वर्षांत असा ऐकला नव्हता. माझ्याकडे तो आजारी पडल्यावरही थट्टाच करतो. इथे मात्र दुसऱ्या बाईच्या पडवीत तो रडवेला होऊन बसला होता, आणि खरं सांगते, तो तिच्या मिठीत असता तर मला याहून कमी लागलं असतं.

"या की वैनी," स्वप्नाली माझ्याकडे न बघताच म्हणाली. "खांबामागं का हुब्या? गाडीचा आवाज मगाशीच आला."

हृषी उठून उभा राहिला. मग परत बसला.

सगळं बाहेर यायला वेळ लागला नाही. दोन वर्षांपूर्वी त्याला जो ताप आला होता, त्यातून उठल्यावर त्याचं नाक गेलं ते परत आलं नाही. जिभेला फक्त गोड, आंबट, खारट, कडू एवढंच कळतं. बाकी ज्याला आपण चव म्हणतो, फुलाफुलातला फरक, तो नाकाचा असतो. तो पुसला गेला होता. येईल परत म्हणून त्याने वाट पाहिली. मग गुरुवारी नमुने घेऊन तो इथे येऊ लागला. स्वप्नाली चाखायची, हा लक्षात ठेवायचा आणि केंद्रात येऊन सही करायचा. पण आता कायद्यात आणखी एक नियम आला होता. चाखणाऱ्यांची फेरपरीक्षा होणार होती, आणि ती घेणार होते मी, मागकाढ्याला शेजारी ठेवून.

"आणि सड्याच्या पेट्या?" मी विचारलं.

"पिल्लं सडली होती पोळ्यात," तो म्हणाला. "त्याला आंबूस वास सुटतो, लांबूनच कळतं. मला नाही कळलं. झाकण काढून पाहिलं तेव्हा माश्या पोळी टाकून गेल्या होत्या. बाबांच्या वेळच्या वसाहती, वैजू. माझ्या नाकासमोर गेल्या."

"मग मला दिलेल्या बाटल्या?"

स्वप्नालीने सांगितलं. "त्या म्या निवडल्या. हितल्या वरच्या अंगाच्या दोन पेट्यांचा मध सड्याच्या मधाच्या लई जवळ जातो. तुमाला फरक कळू नये आसाच शोधला."

"सड्याचा मध कसा लागतो ते तुम्हाला काय ठाऊक?"

"आता काय वैनी," ती म्हणाली. तिने सहज म्हटलं, त्यात खोच नव्हती, म्हणूनच ते आत गेलं. "ट्रेनिंगच्या टायमाला यानंच चाखवला व्हता की. हातावं ठेवून. डोळं मिट म्हनला."

मी माझ्या तळहाताकडे पाहिलं. माझा पहिला थेंब पहिला नव्हता. आणि गेली दोन वर्षं लग्नाची आठवण म्हणून मी जो मध चाटत होते, तो या बाईने माझ्यासाठी चाखून निवडला होता. मी तो खाऊन दोन्ही वर्षी म्हणाले होते, "अगदी सड्याचा." म्हणजे त्याला चव कळत नव्हती, आणि मला कळते हा माझा भ्रम होता. त्या पडवीत मधाची चव जाणणारं माणूस एकच होतं, आणि ती मी नव्हते.

"तिला सांगितलंस," मी हृषीला म्हटलं. "दोन वर्षं तिला सांगत आलास. मला का नाही?"

"तुला सांगितलं असतं," तो म्हणाला, "तर तू मला मशीनमध्ये घातलं असतंस."

पर्सचा पट्टा खांद्यावर होता, आणि पर्समध्ये त्याच्या केसांचा निकाल होता.

येताना मोटरसायकल तिथेच राहिली, तो गाडीत माझ्या शेजारी बसला. मेढा जवळ आल्यावर मी पर्समधला कागद काढून त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने तो वाचला.

"माझे केस?"

"हो."

"मग? निघालं काही?"

"मेढा."

तो हसू लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला त्याचा राग आला, स्वतःची लाज वाटली, आणि तो हसतोय म्हणून बरंही वाटलं. पण जळणं थांबलं नाही, ते मी लपवत नाही. त्याने एक खोली तिच्यासाठी उघडली होती, आणि मला मात्र मशीन वापरून तिचं दार शोधावं लागलं होतं.

फेरपरीक्षेला तो बसलाच नाही. मधपाळांच्या सभेत उभा राहून त्याने सांगितलं, "मला वास येत नाही. दोन वर्षं तुमच्या मधाला प्रत लावली ती माझी नव्हती, देवळीकोंडच्या स्वप्नाली उतेकरांची होती. कुणाचं नुकसान झालं असेल तर बोला." मागून एक म्हातारे मधपाळ म्हणाले, "न्हाई साहेब, भाव बराबर व्हता. उलट गेली दोन वर्सं जरा जास्तच बराबर व्हता." त्यावर सगळे हसले. मला तेही झोंबलं.

आता त्याच्या जागी कोण येणार, हे सांगायला नको. तिची परीक्षा मीच घेतली. सोप्या वाट्या दिल्या नाहीत. एकाच डोंगराच्या दोन अंगांचे मध शेजारी ठेवले, जांभळात हिरडा मिसळून दिला, एका वाटीत गेल्या वर्षीचा जुना मध घातला. तिने डोळे मिटून सगळ्या वाट्या ओळखल्या, जुन्याला 'शिळा' म्हणाली आणि वर पाणी मागितलं. मागकाढ्या प्रत्येक वेळी तिच्या बाजूने उभा राहिला. माझं मशीन, माझा पगार, आणि ते तिच्या बाजूने! मी तिच्या नेमणुकीवर सही केली. पेन कागदात जरा रुतलं.

हृषी घरी असतो, म्हणजे दुपारपर्यंत. नंतर सड्यावर नव्या पेट्या लावायच्या खटपटीत असतो. आणि संध्याकाळी जेवण झालं की आमचा एक खेळ असतो. तो त्यानेच काढला. मी केंद्रातून एक बिननावाची बाटली आणते, चमचाभर चाखते, आणि कसं लागतं ते त्याला सांगते. माझ्या शब्दांवरून त्याने गाव ओळखायचं. सुरुवातीला फजितीच झाली. मी म्हणायची, "गोड आहे." तो म्हणायचा, "मध आहे वैजू, गोड असणारच. पुढे?" मग मी शिकत गेले. आधी तुरट, मग मागून ओल्या मातीसारखा. टाळूला चिकटतो. गिळल्यावर नाकातून कच्च्या काजूसारखं काहीतरी येतं. तो डोळे मिटून ऐकतो. माझं बोलणं इतकं मन लावून त्याने लग्नाआधीही ऐकलं नव्हतं. ही एक गोष्ट स्वप्नालीकडे नाही, असं मी मनात धरलं आहे. ती नुसतं नाव सांगून मोकळी होते. मी चव सांगते.

या एप्रिलमध्ये वाघदऱ्याकडच्या एका मधपाळाची बाटली आली. स्वप्नालीने चाखली आणि म्हणाली, "ह्यो सड्याचा न्हाई वैनी. सड्याखालच्या दरीतला हाये. पेटी वर असंल, माश्या खाली उतरल्यात." मी म्हटलं, बघू. थोडा मध वेगळा काढून घरी आणला.

जेवण झाल्यावर मी डोळे मिटून चाखला आणि सावकाश सांगत गेले. पहिल्यांदा हलकं, जवळजवळ काहीच नाही. मग जिभेच्या कडेला कडसर. मग तापलेल्या कातळावर पाणी शिंपडलं की येतं तसलं काहीतरी. मी डोळे उघडले, तर त्याचा चेहरा बदलला होता.

"सडा," तो म्हणाला. "वैजू, आपला सडा आहे हा. तीन वर्षांनी आला बघ."

त्याने माझा हात उलटा करून तळवा वर केला आणि त्यावर स्वतःचा हात ठेवला. त्याला वास आला नव्हता. माझ्या शब्दांत त्याला सडा सापडला होता.

दुसऱ्या दिवशी मी तो नमुना मागकाढ्याला दिला. ठिपका दरीत पडला, सड्याच्या बराच खाली. पुन्हा घातला, तिथेच पडला. स्वप्नालीचं अगदी बरोबर होतं. मी शिक्का दरीचा मारला, तिची प्रत लावली आणि बाटली पाठवून दिली. बाजारात जाणाऱ्या बाटलीत मी कधी खोटं घातलं नाही.

संध्याकाळी पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या, तोच हृषीने विचारलं, "काय आलं?"

"सडा," मी म्हटलं.

तो पाटावर सरसावून बसला. मग लहान तोंड करून म्हणाला, "आणि स्वप्नाली काय म्हणाली होती?"

"दरी म्हणाली," मी सांगितलं आणि नव्या बाटलीचं झाकण काढलं. "तिचं चुकलं."